पूजेला बसलेला पंप

सिनेमात कोणीतरी लायटर पेटवून छताजवळ धरतो आणि अख्ख्या इमारतीत धो धो पाऊस पडतो, हे दृश्य दिसलं की माझं डोकं फिरतं. घरी टीव्हीवर असलं काही लागलं की बायको आधीच रिमोट हातात घेते, कारण पुढची पंधरा मिनिटं मी काय बोलणार हे तिला पाठ आहे. बिरवाडीजवळच्या एका कारखान्यात मी आगीचं पंपहाऊस सांभाळतो. बायको त्याच कारखान्याच्या गोदामात पॅकिंगला होती. 'होती' म्हणतोय, ते का ते पुढे येईलच.

तर, खरी गोष्ट अशी. गोदामाच्या छताखालच्या पाइपात पाणी बारा महिने भरलेलं असतं. नुसतं भरलेलं नाही, दाबून भरलेलं. ठरावीक अंतरावर एकेक स्प्रिंकलर खाली तोंड करून लटकतो. त्याच्या तोंडाशी बोटाच्या पेराएवढी काचेची नळी असते आणि तिच्यात लाल पातळ पदार्थ. त्या नळीने एक झाकणी दाबून धरलेली असते आणि झाकणीने पाणी. आग लागली की गरम हवा छताला जाऊन भिडते, नळीतला पदार्थ फुगतो, काच फुटते, झाकणी उडते आणि पाणी खालच्या दातेरी चकतीवर आपटून छत्रीसारखं पसरतं. नुसत्या धुराने काही होत नाही, बिडीने तर मुळीच नाही. ज्याच्याखाली आग पेटलीय तोच फुटतो. बाकीचे तसेच कोरडे लटकत राहतात.

पण हे सगळं वरचं झालं. वर फुटलेल्या स्प्रिंकलरला पाणी पुरवत राहायचं काम खाली पंपहाऊसमध्ये होतं. पाइपातला दाब थोडा उतरला की छोटा पंप आपोआप चालू होऊन तो भरून काढतो, आणि एकदम उतरला की मोठा पंप उचल घेतो. पाणी वाहायला लागलं की त्याच पाण्याच्या जोरावर गोदामाच्या भिंतीवरची घंटा वाजते. पॅनलवर एक कळ आहे. ती 'ऑटो'वर असली तर मी झोपलेला असो की गावाला गेलेला, पंप आपलं काम करतात. ती 'बंद'वर असली तर पाइपातलं पाणी थोडा वेळ जोरात येतं, मग नुसतं ठिबकतं. म्हणून माझ्या कामातला सगळ्यात मोठा नियम एकच, आणि तो मला आधीच्या पंपवाल्याने शिकवला होता: कळ ऑटोवरून हलवायची नाही.

तीन वर्षांपूर्वी तो पंपवाला निवृत्त झाला आणि पंपहाऊस माझ्या ताब्यात आलं. पहिल्याच महिन्यात मी दाराला कुलूप घातलं. कंत्राटी पोरं दुपारी तिथे जाऊन आगीच्या टाकीतल्या पाण्याने गाड्या धुवायची, त्याचा मला संताप यायचा. किल्ली मी माझ्याच खिशात ठेवत असे. बायको म्हणायची, "सवत आणली हाय माझ्यावर, तीही कुलपात ठेवलेली." मला ते ऐकायला बरं वाटायचं.

त्याच वर्षी माझ्या हातून झालेली ही पहिली खंडेनवमी. आमच्याकडे त्या दिवशी कारखाना धुऊन निघतो. दुपारपर्यंत सगळी मशीनं बंद करून, पुसून, हळदीकुंकू लावून, झेंडूचे हार घालून बसवतात. पाने, हातोडे, ग्राइंडर सगळे एका पाटावर ओळीने मांडतात. एकदा पूजा झाली की त्या अवजाराला दुसऱ्या दिवसापर्यंत हात लावायचा नाही. पूजेला बसलेल्याला उठवायचं नाही, असं म्हणतात. माझ्या घरी, पोलादपूरच्या वर डोंगरावरच्या वाडीत, आई त्या दिवशी कोयतासुद्धा घेऊ देत नाही. भाजी आदल्या दिवशीच चिरून ठेवते. मी याच संस्कारात वाढलेला माणूस.

आधीचा पंपवाला काय करायचा, तर पंपावर एक फूल ठेवायचा आणि नमस्कार करून निघून जायचा. मला ते अपुरं वाटलं. माझं पंपहाऊस, माझं पहिलं वर्ष. मी पंपांना पॉलिश मारलं, पॅनलला भला मोठा हार आणला, फोरमनला आणि बाकीच्यांना आरतीला बोलावलं. आरती अर्ध्यात आली आणि छोटा पंप एकदम घरघरून चालू झाला. कुठेतरी बारीक गळती होती, दाब उतरला असेल. ताट धरलेला माणूस दचकला, निरांजन कलंडलं, सगळे हसले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी हात पुढे करून कळ फिरवली आणि 'बंद'वर आणली. दोनच मिनिटांसाठी.

आरती झाली. कोणीतरी पॅनलवर हार चढवला, नेमका त्या कळीवरून. मी हार बाजूला सारायला हात नेला तेव्हा फोरमन म्हणाला, "राहू दे रे. आता उद्या. बसलेल्याला उठवायचं नाय."

इथे मी स्वतःशी खरं बोलतो. फोरमनने मला अडवलं नव्हतं. तो सहज बोलला होता. मी म्हणालो असतो, 'हा पंप बसत नसतो,' तर तो गप्प बसला असता. पण मलाही आतून तेच वाटलं, की हळदीकुंकू लावलेल्या गोष्टीला आज हलवू नये. वर उद्या सुट्टी, गोदामात माणूस नाही, मशीन नाही, आग लागायची कशाने? एवढा हिशेब करून मी कुलूप लावलं, किल्ली खिशात टाकली आणि संध्याकाळच्या एसटीने गावी गेलो. बायको दसऱ्याला सकाळी येणार होती.

दसऱ्याच्या सकाळी मी दाराला भाताच्या लोंब्या, झेंडू आणि आंब्याच्या पानांचं नवं, म्हणजे नव्या पिकाचं तोरण, बांधत होतो. आमच्या वाडीत फोनला रेंज फक्त देवळाच्या चौथऱ्यावर येते, म्हणून माझा फोन तिथेच ठेवलेला. तिथे खेळणाऱ्या पुतणीने हाक मारली, "काका, काकीचा फोन हाय." तिथवर जाऊन मी फोन घेतला.

"अवो, मी दुपारच्या गाडीने येते," बायको म्हणाली. "सुपरवायझरने बोलावलंय आम्हा आठ जणींना. कंटेनर आजच जायचाय. दोन-तीन तासांचं काम हाय."

"आज? मशीनं तर पूजेत आहेत."

"पूजा करूनच उठवणार ना. निरांजन घेतलंय मी बरोबर. आईंना सांगा, जेवायला थांबू नका. चला, फोन गेटवर ठेवायचाय." आणि तिने फोन ठेवला.

मी परत दारापाशी आलो आणि लोंब्यांची जुडी उचलली. पहिल्यांदा डोक्यात एवढंच आलं की पुरणपोळ्या गार होणार. मग आलं की ते मशीन म्हणजे खोक्यांवर प्लास्टिक चढवून गरम हवेने आवळणारं मशीन. मग आलं की गोदामात छतापर्यंत पुठ्ठ्याची खोकी. आणि मग डोळ्यांसमोर ती कळ आली, हाराखाली झाकलेली. माझ्या हातातली जुडी खाली पडली.

मी चौथऱ्यावर पळालो. गेटवर फोन लावला, वाजून वाजून बंद झाला. पुन्हा लावला. वॉचमन कंटेनर आत घेत असणार. सुपरवायझरचा फोन लागेना. फोरमनचा बंद. बायकोचा वाजत होता, पण तो गेटवरच्या लाकडी पेटीत पडलेला, गोदामात फोन न्यायला बंदी होती. आणि समजा कोणी उचललाच असता, तर काय सांगणार होतो? दाराला कुलूप होतं. किल्ली माझ्या खिशात होती. मी ती बाहेर काढून बघितली.

भावाची मोटरसायकल अंगणात उभी होती, धुतलेली, हँडलला हार, टाकीवर कुंकवाचं स्वस्तिक. मी चावी मागितली तर आई उंबऱ्यात आली. "पूजेची गाडी हाय. सोनं वाटल्याबिगर काढू नको रे." मी आईकडे न बघता गाडी काढली. ती मागून काय म्हणाली ते मला ऐकू आलं नाही, आणि अजून मी तिला विचारलेलं नाही.

वाडीतून पोलादपूरपर्यंतचा रस्ता म्हणजे नुसती वळणं. मी स्वतःला समजावत होतो. आठ बायका आहेत, गोदाम मोठं आहे, आग काय अशी लगेच लागते? वीस वर्षांत लागली नाही. मग लगेच दुसरं मन म्हणायचं, वीस वर्षांत कळही कधी बंद नव्हती. पोलादपूरच्या बाजारात झेंडूवाल्यांची गर्दी, मध्येच कोणीतरी ओळखीचा आपट्याची पानं पुढे करून हसत होता. मी त्याच्या हाताला धक्का देऊन गाडी पुढे काढली. हायवेवर आलो तेव्हा दोनदा ट्रक अंगावर आला. चूक माझीच होती. एका ठिकाणी थांबून पुन्हा गेटवर फोन लावला. आता तो सारखा व्यस्त लागत होता, आणि ते वाजण्यापेक्षा वाईट होतं. सुट्टीच्या दिवशी गेटवरून कोण कोणाला एवढं बोलतंय?

हायवे सोडून बिरवाडीकडे वळलो आणि धूर दिसला. काळा, जाड नव्हता. करडा होता, गोदामाच्या छतावरच्या पंख्यांमधून येत होता. मी देवाला म्हणालो की दुसऱ्या कोणाचं तरी असू दे. असं म्हणायला लाज वाटली नाही, आज वाटते.

गेट सताड उघडं. वॉचमन फोनवर ओरडत होता, बंबवाल्यांना रस्ता सांगत होता. आवारात सहा बायका तोंडाला पदर लावून खोकत उभ्या होत्या. मी गाडी तशीच टाकली. पहिल्यांदा मी कान लावला तो घंटेकडे. घंटा वाजत नव्हती.

"घंटा वाजली का?" मी वॉचमनला विचारलं.

"वाजली की. मग आपोआप बंद पडली. मला वाटलं आग विझली."

सहा बायकांत माझी बायको नव्हती. त्यातली एक पुढे आली. "दादा, वैनी आत हायेत. मावशी मागं बाथरूमला गेलेली, तिला आणाया गेल्या. मग मधीच पेटलं सगळं."

मावशी म्हणजे पॅकिंगमधली सगळ्यात वयस्कर बाई, गुडघ्यांनी अधू. मशीन गोदामाच्या मध्यावर, मुख्य वाटेवर होतं. मागे रॅकच्या पलीकडे एक दार आहे, पण त्याच्यासमोर बाहेरून माल ठेवायची लाकडी पॅलेट रचून ठेवलेली असायची. ती मीच किती वेळा हलवायला सांगितली होती. म्हणजे दोघी मागच्या कोपऱ्यात होत्या, पुढे आग आणि मागे बंद दार.

मी आत धावायला वळलो. शटरच्या आत दोन पावलं गेलोही. धूर खाली यायला लागला होता, आणि मध्ये मशीनपाशी केशरी उजेड हलत होता. त्याच्या बरोबर वर एक स्प्रिंकलर फुटलेला मला दिसला. त्यातून पाणी येत होतं, पण कसं, नळ नीट बंद न केल्यावर येतं तसं. धार सरळ खाली पडत होती, पसरत नव्हती. माझी बायको पलीकडे होती, चाळीस पावलांवर. मी तिला हाक मारली. उत्तर आलं नाही.

पुढचा निर्णय मी घेतला असं म्हणणं खोटं होईल. पाय वळले एवढं खरं. बायकोकडे पाठ करून मी पंपहाऊसकडे धावलो. मागे कोणीतरी बाई म्हणाली, "अवो, ते चाल्ले कुठं?"

कुलपात किल्ली उलटी घातली. काढली, पुन्हा घातली, पुन्हा उलटीच. तिसऱ्यांदा उघडलं. आत उदबत्तीचा वास होता, पंप पॉलिशने चमकत होते, आणि दाबाच्या घड्याळाचा काटा पार तळाला टेकलेला. मी हार धरून ओढला. तो जाड दोऱ्यात ओवलेला होता, तुटेना. मी दोन्ही हातांनी ओढला, अर्धा माझ्या मुठीत आला, आणि मी कळ फिरवली. मोठ्या पंपाने तत्क्षणी उचल घेतली. त्याचा आवाज इतका मोठा असतो की छातीत धडधडतं. काटा थरथरत वर चढायला लागला, आणि पलीकडे घंटा वाजली.

मग मी मागच्या दाराकडे पळालो. वॉचमन आला, दोन बायका आल्या, आम्ही पॅलेट ओढून फेकली. एकीच्या हाताला खिळा लागून रक्त आलं, तरी ती थांबली नाही. दार उघडलं तर आतून वाफेसारखा धूर आला, आणि त्याच्या मागून दोघी. मावशीला बायकोने कंबरेला धरलं होतं. दोघींच्या तोंडाला ओले पदर, भुवया काजळीने माखलेल्या. मावशी जमिनीवर बसली आणि ओकली. बायको उभी राहिली. तिने खोकून घेतलं, आणि पहिलं वाक्य बोलली ते असं:

"मधी पाणी गेलेलं."

"पाइपात हवा अडकते कधी कधी," मी म्हणालो.

तिने माझ्या हाताकडे बघितलं. माझ्या मुठीत अजून हाराचा तुकडा होता, झेंडूच्या पाकळ्या मनगटाला चिकटल्या होत्या. मग ती मावशीच्या पाठीवरून हात फिरवत बसली.

बंब आला तेव्हा आग जवळजवळ विझलेली होती. दोन स्प्रिंकलर फुटले होते, बाकीचे सगळे जसेच्या तसे. मशीन आणि थोडा माल गेला. माणसाला काही झालं नाही. मावशी दोन दिवस महाडच्या दवाखान्यात होती, तेवढंच.

तिसऱ्या दिवशी साहेबांनी ऑफिसात बोलावलं. टेबलापलीकडे साहेब, बाजूला फोरमन, अलीकडे मी, बायको आणि मावशी. फोरमन माझ्याकडे बघतच नव्हता. साहेब चांगले आहेत, आवाज चढवत नाहीत, वहीत लिहून घेतात. आग कशी लागली, हे त्यांनी विचारलं.

"दिवा मी लावला," बायको म्हणाली. "मशीन उठवायच्या आधी. पुठ्ठ्यावर ठेवला होता. बाजूला प्लास्टिकचा रोल होता, ते ध्यानात आलं नाय."

साहेबांनी लिहिलं. मग म्हणाले, "बरं झालं, सिस्टीमने काम केलं. नाहीतर आज वेगळंच बोलत असतो आपण." त्यांनी माझ्याकडे बघून मान हलवली. कौतुकाने.

मावशी मध्येच बोलली. "पण साहेब, पाणी आलं नि गेलं. लय वेळ गेलं. मी म्हटलं, आता मेलो आपण. मग घंटा वाजली नि परत आलं."

साहेबांचं पेन थांबलं. "म्हणजे पंप उशिरा चालू झाला?" त्यांनी मला विचारलं.

मी तोंड उघडलं. मला सांगायचं होतं, असं आज लिहिणं सोपं आहे. त्या वेळी माझ्या डोक्यात काय होतं, तर नोकरी, बिरवाडीतली भाड्याची खोली, आणि आमच्या वाडीत आगवाला साहेब म्हणून मिळणारा मान. उघडलेलं तोंड मी मिटलं. फोरमन खिडकीबाहेर बघत होता.

"तिला धुरात काय कळतंय साहेब," बायको म्हणाली. माझ्याकडे न बघता, अगदी साध्या आवाजात. "मी शेजारीच होते. पाणी चालूच होतं. चूक दिव्याची हाय."

मावशीने तिच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि पदर तोंडाला लावला. साहेबांनी पुढचं लिहिलं. गोदामात दिवा लावल्याबद्दल उद्यापासून येऊ नका, असं त्यांनी बायकोला सांगितलं, तेही वाईट वाटून. ती 'बरं' म्हणाली.

बाहेर आल्यावर मी तिला गाठलं. गेटपर्यंत आम्ही दोघंच होतो. "का बोललीस असं?"

"दोघांची जाण्यापरीस एकाची गेलेली बरी," ती म्हणाली. "दिवा मी लावलाच होता की." थोडं चालून ती पुन्हा म्हणाली, "मी आत हाका मारत होते तुम्हाला. तुम्ही गावाला हायेत, हे ठाऊक होतं तरी."

गेटवर तिने गळ्यातलं ओळखपत्र काढून वॉचमनला दिलं. मी आत उभा होतो, माझी पाळी सुरू होत होती.